शाळातपासणीचा शेवटचा रकाना

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात आणि थोड्याच दिवसांत जिल्ह्याच्या पानावर आरोग्य तपासणीची छायाचित्रे येऊ लागतात. खुर्चीवर डॉक्टर, समोर आ करून उभे असलेले लेकरू, मागे कापडी फलक, आणि खाली इतक्या विद्यार्थ्यांची तपासणी झाल्याचा आकडा. किती तपासले हे कळते. त्यातल्या ज्यांच्यात काही निघाले त्यांचे पुढे काय झाले, हे ना बातमीत असते ना बहुतेक वेळा शाळेच्या कपाटातल्या कार्डावर. त्या कार्डावरचा शेवटचा रकाना कोरा का राहतो आणि तो कसा भरेल, एवढ्यासाठी हे पत्र.

हे दुखणे आजचे नाही, शाळातपासणीइतकेच जुने आहे. बोअर युद्धाच्या भरतीला आलेले इंग्लंडमधले तरुण अंगापिंडाने फार कमी भरले, तेव्हा तिथल्या सरकारचे डोळे उघडले. १९०४ साली शारीरिक ऱ्हासाची चौकशी करणाऱ्या समितीचा अहवाल आला. १९०६ च्या कायद्याने शाळेत जेवण देण्याची मुभा मिळाली आणि १९०७ च्या कायद्याने सरकारी शाळांतल्या मुलांची वैद्यकीय तपासणी सक्तीची झाली. अंमल १ जानेवारी १९०८ पासून. शिक्षण मंडळाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी जॉर्ज न्यूमन यांच्या देखरेखीखाली जे कार्ड तयार झाले, ते आजच्या आपल्या कार्डाचा आजोबाच म्हणावे लागेल. आधी झालेले गोवर, डांग्या खोकल्यासारखे आजार, मग कपडे आणि पादत्राणे, उंची, वजन, पोषण, डोक्याची व अंगाची स्वच्छता, दात, नाक-घसा, डोळे, कान, वाचा, हृदय, फुप्फुसे, क्षय, मुडदूस, व्यंग असे सगळे त्यात होते. मूल शाळेत येताना एकदा आणि शाळा सोडताना एकदा तपासायचे, आणि पुढे त्यात आठव्या वर्षाच्या सुमाराची मधली तपासणीही आली. तपासताना आईला बोलवावे, असेही सांगितलेले होते.

पण कायद्याने सक्ती केली ती तपासणीची. उपचार ऐच्छिक राहिले. डॉक्टर लिहीत, दात किडले आहेत, कान वाहतो, दृष्टी अधू आहे. घरी चिठ्ठी जाई आणि चुलीत पडे, कारण दवाखान्याला द्यायला पैसे नसत. प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या उपचाराची व्यवस्था करणे हे स्थानिक शिक्षण संस्थांचे कर्तव्य ठरायला १९१८ चा कायदा यावा लागला. म्हणजे रोग शोधून ठेवायचा आणि उपचाराची वाट पाहायची, यात दहा वर्षे गेली.

न्यूयॉर्कला याच्या उलटा धडा मिळाला. तिथे डॉक्टर खुपऱ्या, खरूज, गजकर्ण, उवा असलेल्या मुलांना शाळेतून घरी पाठवत. १९०२ च्या सप्टेंबरात अशी दहा हजारांवर मुले घरी बसवली गेली. घरी उपचार होत नसे, त्यामुळे मूल परत येत नसे आणि आलेच तर तेच दुखणे घेऊन येई. मग लिना रॉजर्स या परिचारिकेला नेमले. ती शाळेतच जखम धुई, मलम लावी आणि संध्याकाळी घरी जाऊन आईला दाखवी. वर्षभराने घरी बसवलेल्या मुलांचा आकडा अकराशेच्या आसपास आला. डॉक्टर तेच होते आणि मुलेही त्याच वस्त्यांतली होती. भर पडली होती ती चिठ्ठीच्या मागोमाग घरापर्यंत जाणाऱ्या माणसाची.

आपल्याकडे पहिली शाळातपासणी १९०९ साली बडोदा शहरात झाली, सयाजीराव महाराजांच्या राज्यात. वऱ्हाड तेव्हा नुकताच, १९०३ मध्ये, मध्यप्रांताला जोडला गेला होता. इथल्या खेड्यातल्या शाळेला धाक होता तो दिपोटीचा, म्हणजे शाळा तपासायला येणाऱ्या डेप्युटी साहेबाचा, आणि देवी काढणाऱ्याचा. लेकराचा कान किंवा डोळा बघायला कोणी येत नसे. पुढे १९४६ मध्ये भोर समितीने तर स्पष्टच लिहिले की शालेय आरोग्यसेवा देशात जवळपास नाहीच, आणि जिथे आहे तिथे ती कच्ची आहे. आज २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका गाडीने शाळेत येतात, शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा. शंभर वर्षांपूर्वीच्या मानाने ही मोठी गोष्ट आहे आणि तिला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. मात्र ती जिथे गळते ती ठिकाणे नेमकी सांगता येतात.

पहिली गळती वेळेची. अकरा ते चार, त्यातून मधली सुट्टी आणि खिचडी वजा केली की चार तास उरतात, म्हणजे २४० मिनिटे. पट १२० असेल तर एका मुलाला दोन मिनिटे. त्यातले दीड मिनिट चप्पल काढणे, काट्यावर चढणे आणि नाव शोधणे यात जाते. उपाय साधा आहे: उंची, वजन आणि नजर ही तीन कामे शिक्षकांनी पथक येण्याच्या दोन दिवस आधी उरकून ठेवावीत. डॉक्टरांची दोन मिनिटे मग डॉक्टरांनाच जे जमते त्याला मिळतील.

ही तीन कामे सोपी वाटतात म्हणूनच बिघडतात. वजनकाटा शेणाने सारवलेल्या किंवा फुटक्या फरशीच्या जमिनीवर ठेवला की हमखास चुकतो. खाली सपाट पाट किंवा प्लायवूड घ्यावे. तपासणीच्या सकाळी काटा पारखून घ्यावा. रिकामी कॅन आधी तोलायची, मग तीत मापाने २० लिटर पाणी भरून पुन्हा तोलायची. फरक २० किलो यायला हवा. पाव किलोने जरी चुकला तरी दिवसभरात प्रत्येक मूल पाव किलोने चुकणार. खिचडीच्या आधी वजन घेतलेली अर्धी शाळा आणि नंतर घेतलेली अर्धी, असे करू नये.

उंचीची पट्टी भिंतीला चिकटवताना खाली फरशीचा पाटा बाहेर आलेला असतो, त्यामुळे टाच भिंतीला लागत नाही आणि मूल तिरके उभे राहते. पाटा नसलेली भिंत किंवा दाराची चौकट शोधावी. टाचा, कुल्हे आणि पाठ टेकलेली हवी, डोळ्याचा कोपरा व कानाचे छिद्र एका आडव्या रेषेत हवे. डोक्यावर पट्टी किंवा वही ठेवून अंदाज घेण्यापेक्षा सुताराचा गुण्या भिंतीला लावून खाली सरकवावा. मुलींच्या वर बांधलेल्या वेण्या सोडायला सांगाव्यात, नाहीतर दोन सेंटिमीटर सहज वाढतात. त्या दोन सेंटिमीटरने काय होते? २० किलोच्या मुलाची उंची १२० सेंमी असेल तर उंचीच्या मानाने वजन सांगणारा शरीरभार निर्देशांक (बीएमआय) १३.९ येतो आणि १२२ लिहिली तर १३.४. मूल तेच राहते आणि कागदावर घसरते. याउलट वय चुकले तर खुजे मूल धडधाकट ठरते. जुन्या दाखल-खारीज रजिस्टरात निम्म्या गावाचा जन्म १ जूनला किंवा १ जुलैला झालेला असे. गुरुजी ती तारीख सोयीने टाकत. आता जन्मदाखला असतो, तारीख त्यावरूनच घ्यावी.

पोषण नजरेने ठरवण्याचा मोह तर टाळावाच. इंग्लंडात कितीतरी वर्षे डॉक्टर मुलाकडे बघून पोषण 'उत्तम', 'बरे', 'लक्ष हवे' अशा श्रेणी लावत. १९३० च्या दशकात त्या ताडून पाहिल्यावर एकाच मुलाला दोन डॉक्टर वेगवेगळी श्रेणी देतात असे आढळले. आपल्याकडेही काटक दिसणारे पोर 'बरे आहे' म्हणून सुटते.

नजरेच्या तक्त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त घोळ तिथेच आहे. स्नेलेनचा तक्ता ६ मीटरवरून, म्हणजे सुमारे २० फुटांवरून वाचायचा असतो. खोली लहान पडते म्हणून मुलाला चार मीटरवर उभे केले की अधू डोळाही चांगला ठरतो. वर्गाच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात अंतर मोजावे, नाहीतर सरळ व्हरांडा घ्यावा. आजकाल तक्त्याच्या झेरॉक्स फिरतात, आणि झेरॉक्समध्ये अक्षरे लहानमोठी होतात. त्याची पारख पट्टीने होते: ६ मीटरच्या तक्त्यावर सर्वांत वरचे, ६/६० चे अक्षर ८७ मिमी उंच असते आणि ६/६ ओळीतले पावणेनऊ मिमी. तेवढे भरले नाही तर तो तक्ता भिंतीवरच्या शोभेसाठी ठेवावा. उजेड तक्त्यावर पडायला हवा, मुलाच्या डोळ्यावर नको. एक डोळा झाकताना मुले बोटांच्या फटीतून बघतात किंवा डोळा दाबतात, आणि दाबलेला डोळा नंतर दोन मिनिटे अंधूक राहतो. म्हणून तळहाताचा खोलगट भाग ठेवायला लावावा, न दाबता. रांगेत उभी मुले ऐकून ऐकून ओळ पाठ करतात. त्यासाठी तीन टोकांचा इंग्रजी ई असलेला तक्ता चांगला. तो मधूनमधून फिरवता येतो, आणि पहिलीतल्या मुलालाही टोके कुणीकडे आहेत ते हाताने दाखवता येते. ज्याला कोणत्याही एका डोळ्याने ६/९ ची ओळ येत नाही त्याचे नाव नेत्रतपासणीच्या यादीत घालावे. 'अभ्यासात कच्चा' म्हणून मागच्या बाकावर बसवलेल्या मुलाला आधी तपासावे. फळा त्यालाच सर्वांत लांब असतो.

कानासाठी यंत्र नसले तरी चालते. मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभे राहायचे, एक कान बोटाने बंद करायचा, आपला श्वास पूर्ण सोडायचा आणि मग कुजबुजत 'सदतीस', 'बावन्न' असा आकडा म्हणायचा. श्वास सोडलेला असला की कुजबुज प्रत्येक वेळी सारख्याच दमाची होते. वाहत्या कानात गरम तेल घालण्याची सवय घरोघरी आहे; पडद्याला भोक असेल तर ते तेल थेट आत जाते, एवढे आईला सांगितले तरी पुष्कळ.

आता जे विदर्भाचे आहे त्याबद्दल. शंभर वर्षांपूर्वीच्या डॉक्टरने एखाद्या पोराच्या डाव्या बरगडीखाली पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली पाहिली की हिवताप म्हणून नोंद होई. मुलांच्या प्लीहा मोजून गावातला हिवताप ठरवण्याची रीत १८४७ पासूनची आहे आणि त्या काळाला ती रास्तच होती. सिकलसेल हा तांबड्या पेशींना कोयत्याचा आकार देणारा आनुवंशिक आजार; त्याचे पहिले वर्णन शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये केले आणि भारतात तो आजार १९५२ साली निलगिरीत सापडला. त्यामुळे वऱ्हाड-नागपूर-चांदा भागात त्याआधी हिवतापाच्या खात्यात गेलेल्या प्लीहांपैकी काही सिकलसेलच्या असणार, हे आज उघड आहे. म्हणून पानथरी लागली की दोन्हींचा संशय धरून रक्त पाठवावे. तपासायची रीत मात्र नीट हवी. मूल उताणे, गुडघे वाकवलेले, पोट सैल. हात बेंबीच्या उजव्या खालच्या बाजूने सुरू करून डाव्या बरगडीकडे न्यायचा. उभ्या मुलाचे पोट बोटांनी टोचून काही कळत नाही, गुदगुल्या तेवढ्या होतात. आणि पानथरी लागली नाही म्हणजे सिकलसेल नाही असेही नाही, कारण काही मुलांत ती वारंवार इजा होऊन आक्रसते.

सिकलसेलची विद्राव्यता चाचणी, म्हणजे नळीतले पाणी गढूळ होते ती, वाहक आणि ग्रस्त यांत फरक करत नाही. रक्त फार कमी असेल तर आजार असूनही ती 'नाही' असे दाखवते. गढूळ आली की इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली पक्की चाचणी झालीच पाहिजे. या दोन पायऱ्यांच्या मधे किती मुले हरवतात, ते प्रत्येक तालुक्याने आपापल्या रजिस्टरात मोजावे. २०२३ पासून ० ते ४० वयोगटासाठी राष्ट्रीय मोहीम आहे, त्यामुळे साधनांची सबब उरलेली नाही. शाळेने करायचे ते फार थोडे आहे: ग्रस्त मुलाला तासाच्या मधे पाणी पिऊ द्यावे आणि लघवीला जाऊ द्यावे, थंडीच्या सकाळी प्रार्थनेला ताटकळत ठेवू नये, भर उन्हात पळवू नये, आणि हातपाय दुखतात म्हणाला तर कामचुकार समजू नये.

रक्ताच्या बाबतीत पापणी, जीभ व तळहात उजेडात आणून पाहावेत; हिरव्या रंगाच्या खोलीत सगळीच मुले फिकट दिसतात. सुईने तपासत असाल तर पहिला थेंब पुसून टाकावा आणि बोट पिळू नये, पिळल्याने रक्तात पेशींबाहेरचे पाणी मिसळते आणि आकडा खाली येतो. ५ ते ११ वर्षांना ११.५ आणि १२ ते १४ वर्षांना १२ ग्रॅमच्या खाली आले तर रक्तक्षय. आठवड्याची लोहाची गोळी, ५ ते ९ वर्षांना ४५ मिलीग्रॅम लोहाची गुलाबी आणि १० वर्षांपुढे ६० ची निळी, जेवणानंतर द्यावी. उपाशीपोटी दिली की मळमळते, एक मूल ओकते, आणि त्या गावात पुढचे सहा महिने गोळी कोणी घेत नाही. शौच काळी होईल हे आधीच सांगावे. जंतांची ४०० मिलीग्रॅमची गोळी चावून खायची, गिळायची नाही.

दातांत दोन गोष्टी. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांमागे येणारी दाढ कायमची असते, तिला दुधाची समजून किडू दिले जाते. आणि यवतमाळ-चंद्रपूरकडच्या बोअरवेलचे पाणी पिणाऱ्या गावांत दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी पट्टे दिसले तर ते न घासल्याचे नव्हेत, फ्लोराइडचे. मुलाला दटावण्यापेक्षा पाण्याचा नमुना पाठवावा. आठवीपुढच्या मुलांचे तोंड उघडून पाहताना खर्ऱ्याचा, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचा, विचार केल्याशिवाय राहू नये. स्वतःची तीन बोटे उभी तोंडात जात नसतील तर त्याला दंतवैद्याकडे पाठवावे, आणि हे सगळ्या वर्गासमोर करू नये.

अंगावरचा फिकट चट्टा म्हणजे जंत, असे गावात म्हणतात. बहुतेक वेळा तो साधाच असतो. पण मुलाचे डोळे मिटवून कापसाच्या टोकाने चट्ट्यावर आणि शेजारच्या कातडीवर स्पर्श करावा. चट्ट्यावरचा कळला नाही तर कुष्ठरोगासाठी दाखवावे. ज्या भागात दत्तपूर आणि आनंदवन ही कुष्ठरुग्णांसाठीची केंद्रे उभी राहिली, तिथल्या शाळेत ही अर्ध्या मिनिटाची तपासणी सुटू नये.

दुसरी मोठी गळती गैरहजर मुलांची. पथक हजर मुले तपासते आणि टक्केवारी हजर मुलांची काढते. घरी असते ते तापाने पडलेले, धाकट्या भावाला सांभाळणारे, किंवा दिवाळीनंतर आईबरोबर कापूस वेचायला गेलेले मूल. वेचणीच्या दिवसांत तपासणी ठेवली तर ज्यांना गरज आहे तीच मुले नेमकी सुटतात. जुलै-ऑगस्ट सर्वांत बरा, आणि तरीही गैरहजरांची यादी त्याच दिवशी आशाताईंच्या हाती द्यायला हवी.

वजनाबद्दल आणखी एक. ब्रॅडफर्डच्या शाळांचे डॉक्टर राल्फ क्राउली यांनी १९०७ मध्ये चाळीस मुलांना शाळेत जेवू घालून दर आठवड्याला तोलले. जेवण चालू असताना वजने वाढली आणि सुट्टीत तीच मुले घटली. आपल्याकडे हे कोणतीही शाळा करू शकते: एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आणि शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात, त्याच काट्यावर, त्याच वेळी वजन. आठ वर्षांच्या मुलाचे वजन वर्षाला साधारण दोन-सव्वादोन किलोने वाढते, म्हणजे दोन महिन्यांत चारशे ग्रॅमच्या आसपास. म्हणून काटा शंभर ग्रॅम दाखवणारा हवा, अर्ध्या किलोच्या खुणांचा उपयोग नाही. ज्यांचे वजन उन्हाळ्यात वाढलेच नाही किंवा उतरले, ती घरे कोणती हे मुख्याध्यापकांना जुलैतच कळेल.

राहिला तो शेवटचा रकाना. पुढे पाठवायच्या चिठ्ठीच्या तीन प्रती असाव्यात, एक पालकाला, एक प्राथमिक आरोग्य केंद्राला, एक शाळेत. चिठ्ठीवर नुसते 'जिल्हा रुग्णालय' लिहून भागत नाही. वार, वेळ, खोली आणि कोणाला भेटायचे ते लिहावे. एका फेरीत आईची दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे जाते, आणि त्या दिवशी डॉक्टर नसले तर ती पुन्हा येत नाही. यासाठी पाच-सात गावांची मुले एकाच ठरलेल्या दिवशी पथकाच्या गाडीने न्यावीत, सोबत एक शिक्षक असावा. चष्म्याचे माप घेतल्यापासून चष्मा हातात पडेपर्यंत महिन्याच्या वर जाऊ नये. मुलगी चष्मा लावत नसेल तर 'लग्नाला अडचण येईल' ही घरची भीती असते, तिथे चिठ्ठी चालत नाही, बाईंनीच जाऊन बोलावे लागते. आणि तपासणीनंतर आठव्या आठवड्यात पथकाने फक्त पाठवलेल्या मुलांसाठी अर्धा दिवस परत यावे, कार्डे समोर घ्यावीत आणि प्रत्येकावर एक शब्द लिहावा: गेला, नाही गेला, चष्मा मिळाला, शस्त्रक्रिया झाली, गाव सोडले.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. पुढच्या वेळी छायाचित्र काढताना किती तपासले हे विचाराच, पण मागच्या वर्षी पाठवलेल्यांपैकी किती जण पोचले हेही विचारा, आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापा.

आपले,
शाळा-आरोग्याच्या कामातील काही आरोग्यसेवक व शिक्षक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ